मोकळी दिसणारी वाट

सुकन्या सकाळपासून चौथ्यांदा खुर्चीवरून उठली आणि गॅलरीत जाऊन परत आली. भवानी पेठेतल्या या ऑफिसखाली यंत्रमाग चालत. एरवी त्यांचा खडखडाट तिच्या कानावरही पडायचा नाही. आज प्रत्येक ठोका डोक्यात बसत होता.

कॉलेजात असताना तिने मेंढपाळांसाठी एक साइट केली होती. कुठल्या गावात मेंढरांना देवी आलीय, कुठे लाळ्या-खुरकूत आहे, हे ज्याला कळेल त्याने तिथे नोंदवायचं आणि कळप घेऊन निघालेल्यांनी ते पाहून वाट ठरवायची. परवा सर्व्हरवाल्या कंपनीने साइट ज्या भाषेत लिहिली होती ती जुनी पीएचपी काढून नवी बसवली. नव्या पीएचपीला सुकन्याचा जुना कोड समजेना, आणि साइट पांढरी पडली.

नऊ वाजता भारतचा फोन आला होता. तो तिचा चुलतभाऊ, तिच्या वडिलांबरोबर कळपामागे असायचा.

"आक्का, साइट उघडंना की. फाट्यावर उभं हाय आमी. आप्पा इचारत्यात, हिंगणमाळानं जायाचं का तळेवस्तीनं?"

"थांबा थोडं. करते काहीतरी," ती म्हणाली खरी, पण त्यालाही आता दीड तास झाला होता.

सगळा कोड नव्याने लिहायचा तर आठवडा गेला असता. म्हणून तिने कंटेनर करायला घेतला होता: संगणकाच्या आतच एक वेगळी, बंदिस्त जागा, तिच्यात जुनी पीएचपी आणि पानं दाखवणारा वेब सर्व्हर दोन्ही बसवायचे, म्हणजे जुना कोड आहे तसा चालेल. पहिल्या खेपेला साइटऐवजी तिचा कोडच ओळीन् ओळ पडद्यावर आला. सर्व्हर फाइल पीएचपीकडे न देता जशीच्या तशी दाखवत होता. सेटिंगमध्ये तिने चार ओळी वाढवल्या. मग पडद्यावर आला पाचशे दोनचा आकडा. सर्व्हर हाक मारत होता, पण पीएचपी ओ देत नव्हती. तिने तीच सेटिंग पुन्हा वाचली, पुन्हा चालवली. पुन्हा पाचशे दोन.

शेजारच्या टेबलावरचे गुरुराज सर तिची ही ये-जा कधीचे बघत होते. ते उठून तिच्यामागे आले.

"पीएचपी चालू आहे का आत?"

"टाकलीय की, सर."

"टाकलीयस. पण सुरू कोण करणार? कंटेनर उठताना तू सांगितलेलं एकच काम सुरू करतो. तू त्याला फक्त सर्व्हर सांगितलायस."

हे तिला माहीत होतं. घाईत डोक्यातून निसटलं होतं. कान तापले, पण लाजायलाही सवड नव्हती. तिने छोटी स्क्रिप्ट लिहिली, आधी पीएचपी, मग सर्व्हर, आणि कंटेनर पुन्हा उठवला.

तिच्या संगणकावर साइट उघडली. हिंगणमाळ लाल, म्हणजे तिथे रोग. तळेवस्ती मोकळी.

तिने झटक्यात फोन लावला. या वेळी तिचे वडील, बिरप्पाच बोलले. "सांग, पोरी. ऊन चडलंय, मेंढरं एका जागी थांबंनात."

"आप्पा, तळेव..." म्हणता म्हणता तिची नजर शेवटच्या नोंदीच्या तारखेवर गेली. तीन दिवसांपूर्वीची. परवापासून साइट बंदच होती, मग नोंदवणार कोण आणि कुठे?

"आप्पा, अजून थोडं थांबा."

"अजून? हितं पाणी न्हाय."

"व्हय, पण थांबा. तळेवस्तीला शिरू नका."

तळेवस्तीची जुनी नोंद बजाबाई नावाच्या बाईंनी केली होती. सुकन्याने त्यांचा नंबर लावला. तिसऱ्या खेपेला फोन उचलला गेला.

"देवी?" बजाबाई म्हणाल्या. "कालच्यान दोन मेंढ्यांच्या तोंडावर फोड आल्यात. लिवायला बसले, तर निस्तं पांडरं दिसतंय. मग काय करू?"

तिने पुन्हा फोन लावून बिरप्पांना हे सांगितलं. "मागं वड्याला पाणी हुतं," ते म्हणाले. "फिरतो मागं. दोन दिस जास्त चालू."

फोन ठेवून सुकन्याने तळेवस्ती लाल केली. दुपारपर्यंत कंटेनर भाड्याच्या नव्या सर्व्हरवर चढला, साइट सगळ्यांना दिसू लागली. तरी तिचा पाय टेबलाखाली हलतच होता. या दोन दिवसांत तळेवस्तीवरून कोण कोण गेलं असेल? साइटवर नावं घातलेले साठ-सत्तर जण होते. तिने यादी काढली आणि पहिला नंबर फिरवायला घेतला.

गुरुराज सरांनी खुर्ची ओढली. "अर्धे नंबर मला दे," ते म्हणाले. "फक्त कानडी बोलणारे कोण, तेवढं सांग. माझी घरची भाषा तीच, त्यांच्याशी मी बोलतो."