थाळीत घातलेला हात

गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा दिगंबररावांनी वृद्धाश्रमात नाव घातलं. तिथे कुत्रा चालत नव्हता, आणि त्यांच्याकडे खंडू होता. अशा म्हाताऱ्या माणसांच्या जनावरांना घर मिळवून देणाऱ्या सुहासिनीबाईंनी खूप हिंडून येरवड्यातला मेहबूब गाठला. त्याचा पत्र्याच्या पेट्यांचा कारखाना होता, राखणीला कुत्रा हवा होता. म्हाताऱ्या खंडूला दुसरं कुणी घेईना. मेहबूबने नाही म्हटलं, तर सुई देऊन संपवणं एवढंच उरलं होतं.

दिगंबरराव जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवीत. पुढे गंमत म्हणून खंडूच्या थाळीभोवतीही फिरवू लागले. पाणी फिरलं की थाळी खंडूची. मग खुद्द दिगंबररावही तिला बोट लावत नसत. घरातली इतकी रोजची गोष्ट, की ती कुणाला सांगायला हवी हे त्यांच्या मनातही आलं नाही.

खंडूला सोपवायला ते सुहासिनीबाईंबरोबर कारखान्यात आले. तिथे त्यांनी त्याला शेवटचं वाढलं, पाणी फिरवलं आणि रिक्षाकडे वळले.

नव्या धन्याने स्वतःच्या हाताने द्यावं, म्हणून मेहबूबने मटणाचा तुकडा घेतला आणि थाळीत हात घातला.

खंडू भुंकला नाही. त्याने मनगटच धरलं आणि हिसडे दिले. मेहबूब आडवा झाला. रक्ताची चिळकांडी पत्र्यांवर उडाली.

"सोड, हरामखोर!" मेहबूबचा भाऊ चांद लोखंडी गज घेऊन धावला. पहिल्याच घावात खंडूचा पुढचा पाय कडकन मोडला. तरी जबडा सुटेना.

"मारू नका! पाणी फिरवलंय मी!" दिगंबरराव ओरडत आले. कुणाला काही कळलं नाही. गज पुन्हा वर गेला, तसे ते कुत्र्यावर पालथे पडले. घाव त्यांच्या खांद्यावर बसला. त्यांनी दोन्ही हातांनी जबडा फाकवला. दात त्यांच्या तळव्यात घुसले, आणि मेहबूबचा हात सुटला.

धापा टाकत त्यांनी पाण्याची हकिकत सांगितली.

"बाजूला व्हा काका, मी संपवतो त्याला," चांद म्हणाला.

"गज ठेव," मेहबूब मनगटाला फडकं गुंडाळत म्हणाला. "अब्बांच्या ताटात हात घातला की काय व्हायचं?"

"अब्बा चावत नव्हते."

"बेल्टने सोलायचे. ते विसरलास?"

सुहासिनीबाईंनी ओढणीने खंडूचं तोंड बांधलं. "मेहबूबभाई, खरं सांगा. ठेवणार का? नाहीतर मी याला आत्ताच डॉक्टरकडे नेते. कशाला, ते तुम्हाला कळतंय."

"पायाला प्लास्टर घालायला न्या. पैसे चांद देईल."

"मी का?"

"पाय कोणी मोडला?"

वृद्धाश्रमाचं फाटक संध्याकाळी बंद होई. दिगंबरराव रिक्षात बसले. रिक्षा हलली आणि खंडू तीन पायांवर उसळला. मोडका पाय फरशीवर आपटला, बांधलेल्या तोंडातून किंकाळी फुटली. मेहबूबने झेप घेऊन त्याला छातीशी आवळलं. फडक्यातून रक्त पुन्हा वाहू लागलं. खंडू नखांनी त्याचा सदरा फाडत होता.

"फाड," मेहबूब म्हणाला. त्याने पकड सोडली नाही.