रांग नसलेला पाठ

विरूपाक्षच्या चिनी भाषेच्या पुस्तकात वांग आजी भाजी घ्यायला जातात. एक जुडी उचलतात, दुकानातल्या क्यूआर कोडसमोर फोन धरतात आणि चालू लागतात. चित्रात भाजीवाला हसतो, आजी हसतात, मागचा रस्ता धुतल्यासारखा. विरूपाक्ष भौतिकशास्त्रात बीएस्सी झालेला. त्याला या पुस्तकातली एक गोष्ट खटकायची. एकाही पाठात कुणाची बॅटरी संपत नाही, नेटवर्क जात नाही, कुणी कशाची वाट बघत नाही. ऑनलाइन शिकवणाऱ्या पुण्याच्या बाईंनी सुरुवातीला जुन्या पुस्तकाची झेरॉक्स पाठवली होती. तिच्यात माणसं सार्वजनिक फोनसमोर ताटकळायची. 'रांगेत उभं राहणं' त्याला चिनीत म्हणता यायचं ते त्या झेरॉक्समुळे. नव्या पुस्तकातून रांगच गेली होती.

बाईंनी सगळ्यांना एक मिनिटाचा व्हिडिओ करायला सांगितला: माझ्या गावातलं तंत्रज्ञान. चांगला झाला तर त्या तो चाकणच्या एका कारखान्याला दाखवणार होत्या. तिथं दुभाष्या हवा होता.

उदगीरच्या त्यांच्या गल्लीत तंत्रज्ञान म्हणजे माणिकप्पाच्या किराणा दुकानात गोळ्यांच्या बरणीवर चिकटवलेला क्यूआर कोड. विरूपाक्षनं वांग आजींच्या जागी रत्नम्मा काकूंना उभं करायचं ठरवलं. कपाळावर विभूती, चेहरा गोल. चित्रात शोभल्या असत्या.

अडचण दुकानासमोर होती. टँकरसाठी घागरींची रांग समोरच्या भिंतीपासून दुकानाच्या पायरीपर्यंत यायची. भिंतीवर रंगवलेलं होतं: उदगीर जिल्हा झालाच पाहिजे. बायका म्हणायच्या, जिल्हा झाला की कलेक्टर स्वतः कळशी घेऊन येईल. पहाटे घागर मांडून बाई घरी कामाला जायची. रांगेतली घागर म्हणजे माणूस, तिला कुणी हात लावायचा नाही. रांगेचा हिशेब रत्नम्मा काकूंकडे.

माणिकप्पाच्या मागच्या फळीवर फोन टेकवून विरूपाक्षनं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि चौकटीत नजर टाकली. पायरीशी एक हिरवी प्लास्टिकची घागर बरोबर मधोमध येत होती. बाकीच्या कडेला राहत होत्या. तो बाहेर गेला, घागर उचलली आणि विजेच्या खांबाआड ठेवली. पाच मिनिटांत परत ठेवू, असं त्याच्या मनात होतं. मग त्यानं काकूंना बोलावलं. त्याच्या आईचा फोन हातात धरून काकू कोडसमोर उभ्या राहिल्या. पण फोनला नमस्कार करायचा का, असं विचारून स्वतःच हसत सुटल्या. रेकॉर्डिंग न थांबवता पुन्हा पुन्हा घ्यावं लागलं. शेवटी एकदा जमलं, तेवढ्यात हॉर्न वाजला. संध्याकाळी येणारा टँकर दुपारीच आला होता.

काकू उतरून गेल्या. रांग पुढं सरकली. विरूपाक्ष कानाला हेडफोन लावून शेवटचं जमलेलं बघत बसला. बाहेर आवाज चढला तेव्हा त्याला घागर आठवली.

शिवगंगा अक्का हिरवी घागर कमरेवर घेऊन उभी होती. तिच्या घरी बाळंतीण लेक आली होती. ती म्हणत होती, पहाटे मांडलेली घागर खांबामागं कशी गेली? घागरीला पाय फुटले का, असं कुणीतरी विचारलं. बायका हसल्या.

"शिवगंगा, मी कवापासून पायरीपशीच हाय," रत्नम्मा काकू म्हणाल्या. "तुझी घागर तिथं नव्हती."

काकू खोटं बोलत नव्हत्या. त्या आल्या तेव्हा ती तिथं नव्हतीच. खोटं बोलून रांगेत घुसणाऱ्याची घागर आठ दिवस शेवटी, हा नियम. शिवगंगा अक्कानं घागर उचलून मागं नेली. तिच्यापर्यंत यायच्या आत टँकर संपला.

विरूपाक्ष दुकानाच्या दारातच होता. गर्दी पांगल्यावर बोलू, असं त्यानं ठरवलं. गर्दी पांगली, माणिकप्पानं शटर ओढलं. घरी येऊन तो मनाशी मांडणी करत बसला. कारण टँकर लवकर येणं हे आहे, घागर हलवणं ही निव्वळ परिस्थिती. मांडणी नीट होती. तरी संध्याकाळी तो पाण्याचा कॅन घेऊन अक्काच्या दारात गेला. तिनं कॅन आत घेतला नाही.

"पाणी न्हाई रे, मला माझी जागा पाहिजे. लेकीदेखत मला खोटं पाडलं त्यांनी."

तो कॅन उचलून तसाच परतला. रात्री त्यानं पहिल्यापासून न बघताच सगळी क्लिप बाईंना पाठवून दिली.

सकाळी उत्तर आलं. व्हिडिओ सुंदर आहे, अगदी पुस्तकासारखा. फक्त शेवटचं जमलेलं ठेवा आणि सुरुवातीचा भाग कापा, त्यात एक मुलगा घागर उचलून नेताना दिसतोय.

त्यानं क्लिपची सुरुवात लावून फोन रत्नम्मा काकूंपुढं धरला. काकूंनी दोनदा बघितलं. मग त्यांनी हाक मारली, "शिवगंगा, ये. ह्यात तुझी घागर हाय."

अक्का बघत असताना काकूंनी हिरवी घागर उचलून पुढं, तिच्या जागी ठेवली. मग विरूपाक्षच्या आईची, पार्वतम्माची घागर रांगेतून काढली आणि शेवटी नेऊन मांडली. विरूपाक्षला वाटलं, आता अक्का रागावेल आणि आपण सुटू.

"फोन बोलला म्हणून कळलं," ती म्हणाली. "तू तर इथंच उभा होतास."

"हाव, अक्का."

ती वळली.

टँकर यायला वेळ होता. आईच्या घागरीशेजारी बसून त्यानं क्लिप उघडली. कापायची खूण कुठं ठेवायची ते दिसत होतं. ती न कापताच त्यानं बाईंना पुन्हा पाठवली आणि खाली चिनीत लिहिलं, ही पाण्याची रांग आहे, घागर मी हलवली. रांगेचा शब्द जुन्या झेरॉक्समधला होता. लिहायला अजिबात जड गेलं नाही.

समोर शिवगंगा अक्का बसली होती, घागरीवर हात ठेवून. आज ती घागर मांडून घरी गेली नव्हती.