भोकरचे डाव लातूरला कसे कळतात

गुरुलिंग सरांनी आपलं इमान लातूरला विकलंय, हे भोकरमध्ये पहिल्यांदा मी बोललो. नंतर सगळेच बोलायला लागले, पण पहिला मान माझा. मी अमृतराव, एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. खच्चून भरलेल्या गाडीत कुणाकडं तिकीट नाही, हे मी नुसतं तोंड बघून सांगायचो. ज्यानं तिकीट काढलेलं नसतं तो कंडक्टर जवळ आला की खिडकीबाहेर बघायला लागतो. गुरुलिंग सर तर आमच्याशी बोलताना कधीच डोळ्याला डोळा भिडवत नव्हते.

सर म्हणजे आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघाचे प्रशिक्षक. करारावर घेतलेले, घर लातूरला. तीन वर्षांपूर्वी ते आले आणि तीन वर्षं आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत लातूरच्याच कॉलेजकडून हरलो. दुसऱ्या कुणाकडून हरलो असतो तर मी नशिबाला बोल लावला असता. बाकी सगळ्या संघांना आमची पोरं लोळवत होती. लातूर समोर आलं की मात्र हातपाय गळायचे.

आणि हरायचो ते कसं, ते बघा. आमचा चढाईपटू वैजनाथ, इस्लापूरचा पोरगा, पायात नुसता वारा. त्याच्याकडून सरांनी महिनाभर एक डाव घोटून घेतला होता. उजव्या कोपऱ्यावर जायचं, हात मारल्यासारखं करायचं, परत फिरतोय असं दाखवायचं आणि पाठमोऱ्यानं उलटी लाथ घालायची. नांदेडच्या दोन संघांना तो डाव शेवटपर्यंत कळला नाही. यंदाच्या अंतिम सामन्यात वैजनाथ परत फिरला, तर लातूरचा कोपऱ्यातला गडी आधीच एक पाऊल मागं सरकून उभा होता. लाथ हवेत गेली आणि तिघांनी पोराला कमरेतून उचलला. पकडीचंही तेच. आमच्या सरांनी बाहेरून दोन टाळ्या वाजवल्या की पोरं हाताची साखळी करून चढाईवाल्याला घेरतात. सरांनी टाळ्या वाजवल्या आणि लातूरचा गडी चार पावलांत आपल्या अंगणात परत गेला, वर हसलाही. एकतीस-एकोणीसनं हरलो.

"आतून कुणीतरी सांगून राहिलंय," भागवत म्हणाला. भागवतचं चहाचं हॉटेल कॉलेजच्या मैदानाला लागून आहे आणि आमची सगळी बैठक तिथंच.

"कुणीतरी कामून?" मी म्हणालो. "दर शनिवारी लातूरची गाडी कोण धरतंय? पोरं का?"

भागवतनं गाळणी आपटली. "हाव की. लई शेमना हाय तो माणूस, वरून साधा अन् आतून चलाख."

माझ्याकडं याहून मोठा पुरावा होता. पहिल्या वर्षी मी रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसून सराव बघायचो आणि फोनवर त्याचा व्हिडिओ काढायचो. आमचा 'भोकर कबड्डी परिवार' नावाचा ग्रुप आहे, आठशेच्या वर माणसं. कुणी पुण्यात नोकरीला, कुणी हैदराबादेत, कुणाचा पाहुणा, पाहुण्याचा मेहुणा. सगळे व्हिडिओची वाट बघत असायचे. मीही नुसतं दाखवून सोडत नव्हतो, समजावून सांगायचो. सुरुवातीला "राम राम मंडळी" आणि शेवटी आपली जुनी सवय, "टिंग टिंग, डबल बेल!" लोकांना ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू, मलाही आवडायचं. रिटायर झाल्यापासून माझा आवाज कुणाच्या कामाला आला नव्हता.

तर एके दिवशी सर माझ्याजवळ आले, मैदानाकडंच बघत म्हणाले, "अमृतराव, तेवढा फोन खिशात ठेवत चला."

का? कारण सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात मैदानाच्या फाटकाला कुलूप लागलं आणि कुंपणाला सगळीकडून हिरवी जाळी बांधली गेली. आता तुम्हीच सांगा, ज्याच्या मनात पाप नाही तो जाळी कशाला बांधेल? चोराच्या मनात चांदणं. मी काही हार मानणारा नव्हतो. भागवतच्या हॉटेलच्या गच्चीवरून जाळीच्या वरून सगळं मैदान दिसतं. दोन वर्षं मी तिथूनच व्हिडिओ काढले, सरांना पत्ता लागू दिला नाही.

अंतिम सामना हरल्यावर मी अर्ज लिहिला. 'प्रशिक्षक विरोधी संघास सामील असल्याचा दाट संशय असून त्यांचा करार वाढवू नये.' चार दिवसांत एकशे बारा सह्या गोळा केल्या. वैजनाथकडंही गेलो. त्यानं कागद वाचला आणि परत दिला.

"काका, सर तसे न्हाईत."

"लेकरा, तू अजून दुनिया पाहिली न्हाईस," मी म्हणालो.

संस्थेचे सचिव आप्पासाहेब यांनी अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, "सह्यांनी काय होतंय अमृतराव? सोमवारी करारावर सही करायची हाय मला. त्याच्या आत पुरावा आणा, माणूस काढतो. न्हाईतर हा कागद फाडतो."

शनिवारी सकाळी सातच्या गाडीला सर पुढच्या सीटवर बसले आणि मी तोंडाला रुमाल गुंडाळून शेवटच्या. नांदेडला गाडी बदलली, तिथंही तसंच. पाच तास तोंड उघडलं नाही. लोह्याजवळ त्या नव्या कंडक्टरनं एका म्हातारीला दोन थांबे आधीच उतरवायला काढलं, तरी मी गप्प. माझा आवाज एकदा कानावर पडला असता तर सरांनी मान वळवलीच असती. वाटेत सर एकाशीही बोलले नाहीत. मांडीवर वही घेऊन रेघा मारत होते, खोडत होते, पुन्हा मारत होते. मी मनात म्हटलं, लिही बाबा, आमचे सगळे डाव नीट लिहून घे.

लातूरच्या स्टँडवर ते उतरले. माणूस आठवड्यानं घरी आला म्हणजे आधी घर गाठतो. यांनी ऑटो केला तो सरळ त्या कॉलेजच्या मैदानावर. मी मागच्या ऑटोत. मला नोकरीतली पहिली चेकिंग आठवली. मैदानाच्या कडेला लिंबाखाली लातूरचे प्रशिक्षक राघवेंद्र सर डबा खात बसले होते. यांना बघून ते उठले, गळाभेट झाली. मग दोघं शेजारी बसले, राघवेंद्रनं खिशातून फोन काढला आणि दोघांची डोकी त्या फोनवर वाकली. गुरुलिंग सरांनी मांडीवर वही उघडी ठेवली होती.

मी भिंतीआडून फोटो काढला. एक नाही, पाच. सगळ्यांत स्पष्ट आला तो तिथूनच आप्पासाहेबांना धाडला आणि खाली लिहिलं, 'मिळाला पुरावा.' आनंद मावत नव्हता. तीन वर्षं लोक म्हणत होते, अमृतरावाला काही काम नाही.

दहा मिनिटांनी सर उठले. वही बंद केली, राघवेंद्रचा निरोप घेतला आणि माझ्यासमोरून, दहा हातांवरून, खाली मान घालून चालत फाटकाबाहेर गेले. पकडल्या गेलेल्या माणसासारखे दिसत होते. मला ते बघून बरं वाटलं, हे कबूल करतो.

तिथून निघालो असतो तर आजही शांत झोपलो असतो. पण मला चोराच्या जोडीदाराच्या तोंडून ऐकायचं होतं. रुमाल सोडला आणि लिंबाखाली गेलो.

"राम राम," मी म्हणालो. "भोकरहून आलोय. एक विचारायचं हाय."

राघवेंद्रनं वर बघितलं. घास तोंडातच राहिला. मग त्याचं तोंड हसण्यानं भरलं.

"परत म्हणा बघू!"

"काय?"

"राम राम मंडळी म्हणा." तो उठून उभाच राहिला. "अहो, डबल बेलवाले काका ना तुम्ही? अरे पोरांनो, इकडं या रे! कोण आलंय बघा!"

सावलीत पडलेली दहाबारा पोरं पळत आली. अंतिम सामन्यात हसलेला तो गडीही त्यांत होता. मी काही बोलायच्या आत सगळ्यांनी एका सुरात ओरडून दाखवलं, "टिंग टिंग, डबल बेल!" आणि एक जण चक्क माझ्या पाया पडला. त्या पोराच्या मनात थट्टा नव्हती. ते तर जास्तच वाईट झालं.

"तुमचा व्हिडिओ आला नाही तर आमचा सराव अडतो, काका," राघवेंद्र म्हणाला. "आमच्या एका पोराचा मामा तुमच्या ग्रुपात आहे, तो रोज पाठवतो. काय समजावून सांगता हो तुम्ही! 'दोन टाळ्या वाजल्या, आता बघा साखळी.' आम्हाला डोकं चालवावं लागलं नाही." त्यानं फोन माझ्यापुढं धरला. भागवतच्या गच्चीवरून दिसणारं आमचं मैदान, हिरव्या जाळीची वरची कड, आणि वैजनाथ उलटी लाथ मारतोय. वरून माझा आवाज, खणखणीत, एका शब्दाला अडखळत नव्हता.

मी खाली बसलो. कुणीतरी पाणी आणून दिलं.

"तुमचे सर आत्ताच येऊन गेले," राघवेंद्र म्हणाला. "आम्ही दोघं एके काळी एकाच संघात खेळायचो. तीन वर्षांत त्यानं कधी विचारलं नव्हतं, आज म्हणाला, सोमवारी माझी नोकरी जाणार आहे, एवढं सांग की आमचे डाव तुला कळतात कसे. बिचारा वही घेऊन आला होता, कोणता डाव कधी फुटला ते लिहून. मलाही राहवलं नाही, दाखवला व्हिडिओ."

"मग? काय म्हणाले?"

"तोच व्हिडिओ परत लावायला सांगितला. मी विचारलं, हा आवाज कुणाचा रे? तर म्हणाला, आमच्या गावचा एक माणूस आहे. कबड्डीचा वेडा आहे, पण आमचा आहे. नाव काही सांगितलं नाही."

तेवढ्यात माझ्या फोनवर आप्पासाहेबांचा निरोप आला. 'फोटो बघितला. शाबास. सरांना आत्ताच कळवलं, सोमवारपासून येऊ नका म्हणून.'

मी तिथूनच त्यांना फोन लावला. सगळं सांगितलं. फुटलेले डाव माझ्या तोंडून फुटले, फोटो खरा आहे पण त्याचा अर्थ खोटा आहे, मी लिहून देतो, पाया पडतो. आप्पासाहेबांनी ऐकून घेतलं.

"अमृतराव, एकशे बारा सह्या तुम्हीच आणल्या. आता त्या लोकांना काय सांगू, अमृतरावाचीच चूक झाली म्हणून? दुसरा माणूस सोमवारी येऊन राहिलाय. झालं ते झालं."

"पण आप्पासाहेब, सर निर्दोष हायेत."

"असतील," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

साडेतीनच्या नांदेड गाडीत बसलो. लाज वाटत होती, नुसती लाज नाही, स्वतःची किळस येत होती. एकतीस वर्षं तोंडं वाचल्याचा तोरा मिरवला आणि एका सरळ माणसाचं तोंड वाचता आलं नाही. कंडक्टर आला. पास माझ्या खिशात होता, तरी मी खिडकीबाहेर बघत बसलो. त्यानं दोनदा "काका, तिकीट" म्हटलं तेव्हा कुठं भान आलं.

चाकूर मागं पडल्यावर गुरुलिंग सरांना फोन लावला. हा नंबर मी तीन वर्षांत एकदाही फिरवला नव्हता. त्यांनी उचलला.

"हॅलो, सर, मी..."

"बोला अमृतराव."

नाव सांगायची गरजच पडली नाही. मी म्हणालो, "सर, लई चुकलं माझं. फोटो मीच धाडला. ते व्हिडिओ बी..."

"हो. ऐकला ना मी आज."

"मग मला शिव्या तरी घाला. त्या दिवशी फोन खिशात ठेवा म्हणालात, तेव्हाच नीट खडसावून सांगायचं होतं."

"सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "तुम्ही रोज येऊन बसत होता. मला वाटलं, वाईट वाटेल तुम्हाला."

मी फोन कानाला घट्ट धरला. मग तेच म्हणाले, "एक काम करा. नवीन सर येतील त्यांना सांगा, वैजनाथचा डावा गुडघा दुखरा आहे. तो सांगत नाही. पट्टी बांधल्याशिवाय त्याला चढाईला सोडू नका."

"हाव सर. सांगतो."

"आणि अमृतराव, हे फक्त नवीन सरांनाच सांगा. व्हिडिओत नको."