तोंडावर विचारलेला प्रश्न

"दादा, हा लॅपटॉप चोरीचा तर नाही ना?"

ऋतुजा हे विचारूच शकणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. पण वक्तृत्व स्पर्धा जिंकल्यापासून ती कुणाच्या बापाला भीत नव्हती. जुना लॅपटॉप स्वस्तात विकायला काढलेल्या मखमलाबादच्या भारतदादाला तिने सरळ तोंडावर विचारलं. मागे पोरी फिदीफिदी हसल्या.

ओट्यावर झेंडूच्या माळा ओवणाऱ्या त्याच्या आईचा हात थांबला. भारतदादाने लॅपटॉप सुरू करून तिच्याकडे फिरवला. स्क्रीनवर झेंडूच्या शेतात हसत उभ्या असलेल्या त्याच्या आईचा फोटो होता.

"साधे गेम चालतील यावर," तो म्हणाला. "घ्यायचा तर घे."

ऋतुजा लॅपटॉप न घेताच घरी आली. आपण हे बोललोच नसतो तर, एवढंच डोक्यात घोळत होतं.

"मग, काय ठरलं मॅडमचं?" पप्पांनी विचारलं.

"तोंड का पडलंय हिचं?" आई म्हणाली.

ऋतुजाने सगळं सांगितलं. मग म्हणाली, "उद्या मी एकटी जाऊन दोघांची माफी मागणारे. त्यानंतरही दादा मनापासून देत असला, तरच घेऊ. नाहीतर मला लॅपटॉप नको."