जाळीवरचा गिलावा

माझ्या सासऱ्यांना उघडी भिंत बघवत नाही. जन्म गिलावा करण्यात गेला. आमच्याकडे माणूस एक वेळ न विंचरता बाहेर पडेल, पण भिंत तशी राहणार नाही.

सासूबाईंना इस्पितळातून घरी आणायचं होतं, श्वासाच्या यंत्रासकट. यंत्राला वेगळी लाइन हवी आणि वीजखात्याची मंजुरी दाखवल्याशिवाय डॉक्टर सोडायला तयार नव्हते. वायरमनने खाटेमागची भिंत खोदून पाइप टाकला आणि बजावलं, "तपासणीच्या बाई बघून जाईपर्यंत बुजवू नका."

मी इस्पितळात डबा देऊन परत येते, तर भिंत गुळगुळीत. सासरे थापी धूत होते.

"तिला काय खड्ड्यांशेजारी झोपवायचं?" मलाच विचारलं.

मी कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. भिंतीकडे बघून म्हणाल्या, "काम सुरेख आहे. उघडा."

माझं डोकंच फिरलं. "अहो, तिकडे आमचं माणूस घरी यायला तळमळतंय आणि तुम्हाला भिंतीत काय खजिना सापडणार आहे?"

"बघितल्याशिवाय सही नाही." आवाज जराही चढला नाही. तेच जास्त झोंबलं.

"सूनबाई, गप." सासऱ्यांनी स्वतःच छिन्नी घेतली आणि स्वतःचं काम फोडायला लागले. खाली लोखंडी जाळी निघाली. गिलाव्याला तडे जाऊ नयेत म्हणून ते नेहमीच जाळी ठोकतात. बाईंनी बॅटरी मारली, वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मग एका खिळ्यावर बोट ठेवलं. जाळीचा खिळा पाइपातून थेट वायरमध्ये घुसला होता. उपटला, तर आत तांबं चकाकलं.

"लाइन चालू झाली असती, तर ही सगळी जाळी..." त्या थांबल्या.

सगळी जाळी म्हणजे सगळी भिंत. तीही ओली. आणि तिला टेकून लोखंडी खाट. एवढीशी ती चकाकी, पण देवासमोरही मी कधी इतकी मुकाट उभी राहिले नसेन. ज्या विजेवर सासूबाई श्वास घेणार, तीच तिथे दबा धरून बसली असती.

सासरे खालीच बसले. "मी मारलं असतं हो तिला."

वायर बदलली. बाईंनी पुन्हा येऊन सगळं तपासलं, सही केली. सासऱ्यांनी या खेपेला एकही खिळा न ठोकता भिंत बुजवली. ती वाळल्यावर घरासाठी घेतलेलं यंत्र खाटेशेजारी आणून ठेवलं आणि वायरमन लाइन जोडायला आला. त्याने बटणाकडे हात नेला, तशी सासऱ्यांनी चपला काढल्या आणि दोन्ही तळवे भिंतीवर टेकवले.

"बाबा, हे काय?" मी ओरडले.

वायरमनही गडबडला. "अहो, बाईंनी तपासलंय ना!"

"बाईंवर भरवसा आहे. माझ्या हातावर नाही. लाव बटण."

मी डोळे मिटून घेतले. खट् झालं. यंत्र घुमायला लागलं.

काहीही झालं नाही. काहीही न होणं एवढं मोठं असतं, हे मला तेव्हा कळलं. मी डोळे उघडले, तर सासरे तसेच उभे होते, कपाळसुद्धा भिंतीला टेकवलेलं, खांदे गदगदत होते.

"जा," ते म्हणाले, "घेऊन ये तिला."