चादरींची इमारत

आमच्या यांना अध्यक्ष व्हायची मुळीच हौस नव्हती, असं हे अजूनही म्हणतात. नसेलही. पण गल्लीतल्या चार टाळक्यांनी मिळून इमारत विरोध समिती काढली आणि यांना अध्यक्ष केलं, तेव्हापासून हे घरात पाणीसुद्धा घसा खाकरून मागायला लागले. मी काही बोलले की आधी "आपला मुद्दा समजला" म्हणायचे आणि मग स्वतःला हवं तेच करायचे. तसं ते पूर्वीही करत, पण निदान मुद्दा समजल्याचं सोंग तरी नव्हतं.

भानगड अशी होती. आमची लाँड्री आहे. खाली दुकान आणि धुण्याची खोली, वर आम्ही राहतो, आणि शेजारी अंगण. त्या अंगणात हॉटेलच्या चादरी वाळत घालायच्या. गल्लीच्या पलीकडे लाकडाची एक बंद पडलेली वखार होती. तिचं छप्पर कधीच गेलं होतं, आत गवत आणि मांजरं. दुपारचं ऊन त्या मोकळ्या जागेवरून सरळ आमच्या अंगणात उतरायचं. आता पालिकेने तिथे तीन मजली इमारत बांधायचं काढलं. लहान लहान घरं, झेपेल असं भाडं आणि लिफ्ट.

"तीन मजले!" हे येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे. "दुपारनंतर अंगणात अंधार. मग चादरी वाळवायच्या कुठे, माझ्या डोक्यावर?"

यांचं म्हणणं खोटं होतं असं नाही. ओल्या चादरींची टोपली मीच उचलते, तेव्हा उन्हाची किंमत मला कळते.

इमारतीच्या बाजूने बोलायला होता आमचा सलूनवाला. दुकान आमच्या दुकानाला लागूनच. तो म्हणायचा, "गल्लीतली निम्मी डोकी टकली झाली. उरलेल्यांना लेकी-सुना घरीच भादरतात. चार नवी डोकी येऊ देत की! मी कात्री चालवू कुणावर?"

"तुझ्या जिभेवर चालव," हे म्हणाले, आणि त्याच्याकडे केस कापायला जाणं बंद केलं. दुसऱ्या कुणाकडे जायचं तर इतक्या वर्षांची सवय मोडत नव्हती. परिणाम असा की अध्यक्षांची झुलपं कॉलरवर आली आणि सलूनवाला येताजाता ती पाहून हळहळायचा.

मी कोणत्या बाजूची, हे कुणी विचारलंच नाही. अध्यक्षांची बायको विरोधातच असणार, हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. आणि मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसत होते, कारण मला ती इमारत हवी होती. साधी हवी नव्हती, डोळ्यांत प्राण आणून हवी होती.

माझ्या ताईसाठी. आमची आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते, की आई म्हटलं की मला ताईच आठवते. तिने माझ्या वेण्या घातल्या, मला मारलं, शिकवलं, माझं लग्न लावून दिलं, आणि मग स्वतःच्या लग्नाचा विचार केला. आता भाऊजीही नाहीत. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एकटी राहते. लिफ्ट नाही, आणि गुडघ्यांनी तर कधीच राजीनामा दिलाय. खाली उतरायचं म्हणजे तिला परत चढायची धास्ती, म्हणून ती उतरतच नाही. मी सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून जाते. बाकीचे दिवस इस्त्री फिरवते आणि मनात एकच, ताई पडली तर नसेल ना?

वखारीच्या भिंतीवर पालिकेने सूचना लावली होती. ज्याचं जवळचं माणूस याच वस्तीत असेल, त्याचा अर्ज आधी धरणार, असं तीत म्हटलं होतं. ते वाचलं त्या दिवशी मी एका शर्टाची बाही करपवली.

मग यांना सरळ सांगितलं का नाही? सांगते. ताईला हे भारी वचकून असतात. एकदा ती आमच्याकडे आली असताना यांनी घडी घातलेली चादर तिने उलगडली, झटकली आणि पुन्हा घडी घातली. यांच्याच दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. तेव्हापासून ती यायची असली की हे आदल्या दिवशीच सगळ्या घड्या तपासतात. अशा माणसाला काय सांगायचं, की तुमचं ऊन द्या आणि त्या बदल्यात माझी ताई समोर राहायला आणा?

एक दिवस पत्र आलं, की पालिकेच्या अधिकारी बाई स्वतः जागा पाहायला येणार आहेत आणि लोकांचं म्हणणं ऐकणार आहेत. त्या रात्री हे जेवता जेवता थांबले.

"सावली सांगून कळत नाही," हे म्हणाले. "सावली दाखवायला पाहिजे."

यांचा मित्र रंगारी. त्याचे दोन्ही डगरींवर हात. इमारत झाली तर रंगाचं काम त्याला, नाही झाली तर मैत्री शाबूत. त्याने वखारीच्या जागेत लोखंडी पाइपांची परांची उभी करून द्यायची, थेट इमारतीच्या उंचीची. तिच्यावर वरपासून खालपर्यंत चादरी लावायच्या, म्हणजे इमारत झाल्यावर गल्लीत कसा अंधार होईल हे बाईंना याचि देही दिसणार. आणि चादरी तरी कोणत्या? त्याच दिवशी धुतलेल्या, ओल्या. "काम का बुडवायचं? एका दगडात दोन पक्षी," असं म्हणून हे स्वतःच्या हुशारीवर इतके खूश झाले, की यांनी आमटी पुन्हा मागून घेतली.

"आणि गर्दी दिसली पाहिजे," हे पुढे म्हणाले. "माझे पुतणे येतील. तुझ्या ताईलाही बोलाव."

माझ्या हातातली वाटीच पडली. "ताईला? तिचे गुडघे..."

"टॅक्सीने आणू. असं माणूस विरोधाला पाहिजेच. त्यांनी नुसतं रोखून बघितलं तरी बाई फाइल बंद करतील."

मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तो दिवस उजाडला तोच तापलेला. दुपारी तर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. रंगाऱ्याने आणि पुतण्यांनी वर चढून चादरी ताणल्या, एकीला एक लावून, पांढऱ्याशुभ्र. तीन मजल्यांची चादरींची इमारत उभी राहिली, आणि तिची सावली गल्ली ओलांडून आमच्या अंगणात शिरली, अगदी हे सांगत होते तशीच.

"बघा!" हे ओरडले. "बघा हा अंधार!"

लोक दारांतून डोकावले. पहिली आली कोपऱ्यावरची शिंपीण. तिने मशीनपुढचं स्टूल बाहेर आणलं, सावलीत ठेवलं, बसली आणि डोळे मिटून म्हणाली, "आई गं, काय बरं वाटतं!" मग तिच्या सासूबाई आल्या. समितीचे खजिनदार घरून आरामखुर्ची घेऊन आले आणि तिच्यात आडवेच झाले. ओल्या चादरींवरून वारा येत होता, तो थेट अंगाला गार लागत होता. सलूनवाल्याने संधी साधली. खुर्ची, आरसा सगळं गल्लीत मांडून तो समितीच्या चिटणीसाचे केस कापायला लागला. मी पाण्याचं पिंप बाहेर काढलं. आमच्या गल्लीत इतकी माणसं एकत्र बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

"अहो, बसताय काय?" हे एकेकाला उठवत फिरत होते. "आपण विरोध करतोय! चेहरे जरा दुःखी ठेवा!"

"ठेवतो हो," खजिनदार म्हणाले आणि कूस बदलली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेवढ्यात टॅक्सीतून ताई उतरली. एका हाताने काठी टेकत, एका हाताने मला धरत ती सावलीत आली, आणि बसायच्या आधी तिने वर पाहिलं. "चादरी छान ताणल्यात," ती यांना म्हणाली. हे इतके चकित झाले, की आभार मानायचे राहून गेले.

पाठोपाठ अधिकारी बाई आल्या. उन्हातून चालत, छत्री धरून, घामाघूम. सावलीत पाऊल टाकलं, छत्री मिटली, सुस्कारा सोडला. यांचं भाषण पाठ होतं. "मॅडम, ज्या अंधारात आपण उभ्या आहात..." एवढंच म्हणून झालं, तोच परांचीवरून रंगाऱ्याची हाक आली.

"अध्यक्ष! सगळ्या चादरी वाळल्या! उतरवू का?"

"इतक्यात?" यांच्या तोंडून निघून गेलं.

"वर वारा काय भन्नाट आहे! अंगणात असत्या तर संध्याकाळ झाली असती."

गल्ली हसली. बाईही हसल्या. त्या म्हणाल्या, "इमारतीला गच्ची आहे. तिथे तुम्हाला दोऱ्या बांधू देता येतील का, ते मी विचारून बघते. वचन देत नाही. आता हात वर करा. विरोध कुणाकुणाचा आहे?"

हात वर झाले, पण आळसावून. काही कोपरापर्यंतच आले. खजिनदारांचा तर आलाच नाही, ते घोरत होते.

"आणि बाजूने?"

सलूनवाल्याने कात्रीसकट हात वर केला. शिंपिणीने केला. आणि मी केला.

हे माझ्या कानाशी आले. "अगं, विरोधाचे हात झाले. आता बाजूचे चाललेत."

"मला माहीत आहे," मी म्हटलं आणि हात तसाच ठेवला.

सगळे माझ्याकडे वळले. आरशासमोर बसलेल्या चिटणीसानेसुद्धा मान वळवली. बाईंनी विचारलं, "तुम्हाला का हवीय इमारत?" आणि इतके महिने दाबून ठेवलेलं सगळं माझ्या तोंडून भडाभडा बाहेर आलं.

"माझ्या ताईसाठी. ती एकटी असते. ती पडली तर मला दुसऱ्या दिवशी कळेल, आणि या विचाराने मला झोप लागत नाही. मला ती समोर हवी. हाक मारली की ऐकू येईल एवढ्या अंतरावर. तळमजल्यावर घर मिळालं तर जिनाही नको. चादरींचं मी काहीही करीन, घरात दोऱ्या बांधीन, पण मला ताई हवी." आणि मी चक्क रडायला लागले, भर गल्लीत.

"मला नाही सांगितलंस," हे म्हणाले. आवाजात राग नव्हता, लागल्यासारखं काहीतरी होतं.

"तुम्ही अध्यक्ष झाल्यापासून घरात सभाच चाललीय. सभेत मला कुणी विचारलं का?"

"आणि मला?" काठी जमिनीवर आपटली. ताई होती. "मला विचारलंस का गं, की ताई, तुला इथे यायचंय का? माझं घर बदलायला निघालीस, तेही पालिकेच्या बाईंना सांगून!"

मी यांच्यावर डाफरत होते, आणि मीही तेच केलं होतं. विचारलं नव्हतं, कारण ती "कुणाच्या दारात जाऊन बसायचं नाही मला" म्हणेल, याची भीती वाटत होती.

"तळमजला म्हणे," ताईचं चालूच होतं. "तळमजल्यावर बसवून माझं काय पायपुसणं करणार आहेस? इतकी वर्षं खिडकीतून शेजारच्या इमारतीचे पाइप बघतेय मी. मॅडम, लिफ्ट आहे ना नक्की? बंद पडणारी नाही ना?" बाईंनी नाही म्हणून मान हलवली. ताईने काठी उचलून चादरींच्या इमारतीच्या अगदी वरच्या टोकाकडे रोखली. "मग मला तिथे पाहिजे. वर. या बाजूला."

"म्हणजे येशील?" माझा आवाज लहानपणीसारखा निघाला.

"आता विचारलंस ना? येईन."

मी तिचा हात धरला तो सोडलाच नाही. सलूनवाल्याने टाळी वाजवली, पण दुसऱ्या कुणी वाजवली नाही, कारण सगळे यांच्याकडे बघत होते. हे अंगणाकडे पाहत उभे होते. तिथे सावली होती आणि दोऱ्या रिकाम्या होत्या. मग हे बाईंकडे वळले.

"मॅडम, अर्ज कसा करायचा?"

"कशाचा?"

"घराचा. वरच्या मजल्यावरचं, या बाजूचं."

"अर्ज कार्यालयात मिळेल. पण वस्तीत जवळचं माणूस असेल तरच आधी नंबर लागतो," बाई म्हणाल्या. "जवळचं म्हणजे सख्खं. बहीण आहेच म्हणा. आणखी कुणी आहे? मुलगा, मुलगी?"

"जावई चालतो का?" यांनी विचारलं.

बाईंना काही उलगडलं नाही. त्या एकदा यांच्याकडे आणि एकदा ताईकडे बघत राहिल्या. ताईने चष्मा काढला, पुसला, परत डोळ्यांवर चढवला. मग काठीने यांची झुलपं दाखवत ती सलूनवाल्याला म्हणाली, "आधी आमच्या जावयांचे केस कापा."