सत्तर ग्रेन, वर एक शीग

मी एक पितळी माप बोलतोय. ऐकायला कुणी आहे की नाही, कोण जाणे. पण आता गप्प राहिलो तर एक म्हातारा खोटी समजूत घेऊनच जाईल, म्हणून घसा फोडून ओरडतोय. मिल्टन कीन्समधल्या एका स्वयंपाकघरात, खिडकीच्या फळीवर, हळदीच्या बरणीशेजारी मी उभा असतो. उंची बोटभर, तोंड अंगठ्याएवढं, त्यावर बूच. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, शोभेची वस्तू आहे.

शोभेची वस्तू! शंभर वर्षांपूर्वी बर्मिंगहॅमच्या एका कारागिरानं मला घडवलं ते ठासणीच्या बंदुकीची काळी दारू मोजायला. ही बंदूक तोंडाकडून भरतात. आधी नळीत दारू ओतायची, मग तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी बसवायची आणि गजानं ठासायची. दारू थोडी कमी-जास्त झाली की गोळी भलतीकडे जाते. म्हणून माझ्या पोटात एक सरकती दांडी आहे आणि तिच्यावर खुणा आहेत. मला माझ्या कामाचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

मला विकत घेतलं आर्चीच्या आजोबांनी. त्यांच्याकडून मी आर्चीकडे आलो. स्कॉटलंडच्या डोंगरात एका एस्टेटवर तो हरणं सांभाळायचा. कुठला नर थकलाय, कुठला मारायचा, हे तोच ठरवायचा आणि पाहुण्यांना शिकारीला न्यायचा. राहायला छोटं घर होतं, पण ते नोकरीबरोबर मिळालेलं. त्याचा एकच हट्ट होता. जखमी जनावर डोंगरावर टाकून घरी यायचं नाही. चाळीस वर्षांत एकदाही तो तसा आला नव्हता.

मग त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. ग्लासगोच्या हॉस्पिटलात ऑपरेशन केलं ते डॉ. श्रीनिवास यांनी. जाड भिंगाचा चष्मा लावून आर्ची घरी आला, पण मनातून पार खचलेला. डोळा दाखवायला गेला तेव्हा म्हणाला, "डॉक्टर, अक्षरं दिसतात. पण नेम लागेल का?"

"लागणार! मी स्वतः येतो बघायला," डॉक्टर म्हणाले.

आणि खरंच आले. १९६६चा सगळा उन्हाळा, दर शनिवारी, गाडी घेऊन. आर्चीनं ठरवून टाकलं होतं. आजोबांच्या बंदुकीत एकच गोळी मावते, दुसरी संधी नाही, तेव्हा डोळ्याची परीक्षा तिच्यावरच. पास झालो तर नोकरी करीन, नापास झालो तर मॅनेजरला सांगून घर सोडीन.

काय सुंदर दिवस होते ते! आधी गोळी निवडायची होती. लांबट गोळी त्या जुन्या नळीत नीट फिरत नव्हती, निशाणाच्या कागदावर आडवी जाऊन आपटायची. गोल गोळी सरळ गेली. मग दारूचा हिशेब, ग्रेन या बारीक वजनात. पन्नास ग्रेन घातली तर गोळी खाली पडायची. ऐंशीच्या वर गेलं की वीतभर वर. सत्तर ग्रेनला तीन भोकं अशी पडली की वर चहाची बशी ठेवली तर झाकली जावीत. आर्चीनं सत्तरच्या खुणेवर माझी दांडी घट्ट केली आणि डॉक्टरांना बजावलं, "काठापर्यंत भरायचं आणि बोट फिरवून सपाट करायचं. कणभरही जास्त नको." आर्चीचे हात थरथरायचे, म्हणून मला भरायचं काम डॉक्टरांकडे होतं. ते प्रत्येक वेळी बोट फिरवायचे.

फक्त एकदा नाही फिरवलं.

ऑक्टोबरमधली, परीक्षेची सकाळ. साठ यार्डांवर एक म्हातारा नर चरत होता. आर्ची दगडाआड आडवा पडलेला. डॉक्टरांनी मला भरलं, काठावर दारूची छोटी टेकडी झाली, बोट पुढे आलं आणि थांबलं. त्यांच्या वडिलांचं वाईला भुसारी दुकान होतं. आपल्या माणसाला सपाट माप द्यायचं नाही, वर शीग लावायचीच, हे त्या घरातलं वळण. ते ओठातल्या ओठात पुटपुटले, "आज तरी सपाट नको." आणि मला तसंच्या तसं नळीत रिकामं केलं.

अहो, ते तांदूळ नव्हते! मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. पितळेचं ओरडणं कोण ऐकतंय?

बार झाला. धुरानं समोरचं काही दिसेना. धूर विरला तेव्हा नर नव्हता, गवतावर रक्त होतं. आर्चीचा चेहरा पांढराफटक पडला. "माझा हात खाली गेला," तो म्हणाला. "पोटात लागली असणार. पोटात लागलेलं जनावर खाली पाण्याकडे जातं."

खाली नव्हे, आर्ची, वर! पाठीत लागलेलं जनावर डोंगर चढतं. गोळी वर गेली होती. हे मला कळत होतं आणि डॉक्टरांनाही कळत होतं. सगळा उन्हाळा कागदावर त्यांनी तेच तर पाहिलं होतं. ते मात्र म्हणाले, "चला, खाली शोधू या."

तीन दिवस शोधलं. दिवस उजाडला की ओढ्याकाठी, अंधार पडला की नाइलाजानं घरी, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. आर्ची चिखलात गुडघ्यांवर बसून रक्ताचा थेंब शोधायचा. जेवण जाईना. मी डॉक्टरांच्या खिशात होतो. त्यांचा हात सारखा खिशात यायचा, मला गच्च धरायचा आणि सोडून द्यायचा. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता सांगतील.

तिसऱ्या दिवशी दुपारी कावळे दिसले, पार वर, खिंडीपाशी. नर मेलेला होता. आर्चीनं त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तो हमसून रडायला लागला. अंग अजून गरम होतं. म्हणजे त्या दिवशी सकाळपर्यंत ते जनावर जिवंत होतं. पहिल्याच दिवशी वर शोधलं असतं तर तासाभरात यातनांतून सुटलं असतं.

गोळी पाठीत, वरच्या अंगाला लागली होती. आर्चीनं ती काढली, चपटी झालेली, आणि डॉक्टरांच्या हातावर ठेवली. "वर लागली की खाली, तेही मला दिसलं नाही. डोळा गेला, डॉक्टर. तुमच्या हाताचा दोष नाही. डोळाच म्हातारा आहे."

डोळा ठणठणीत होता! ज्यांनी तो बरा केला, ते डॉक्टर समोर उभे होते आणि मान खाली घालून ऐकत होते.

त्या आठवड्यात आर्चीनं नोकरी सोडली. घर गेलं. बंदूक विकली. पुतणीकडे ग्लासगोत एका खोलीत राहायला गेला. मला त्यानं डॉक्टरांना दिलं, आठवण म्हणून.

डॉक्टरांनी पत्र लिहिलं. खरंच लिहिलं. "आर्ची, तुम्ही चुकला नाहीत. मी माप सपाट केलं नाही." खाली पत्ता लिहिला, कागदाची सुरळी केली, त्या चपट्या गोळीसकट माझ्या पोटात घातली आणि वरून बूच लावलं. उद्या टाकतो, म्हणाले. या गोष्टीला आता सात वर्षं झाली. मधल्या काळात ते इथे, मिल्टन कीन्सला आले. दर ख्रिसमसला आर्चीचं कार्ड येतं आणि दर कार्डात तोच माफी मागतो.

या वर्षी कार्डावर अक्षर पुतणीचं होतं. वीणाताईंनी, डॉक्टरांच्या बायकोनं, मोठ्यानं वाचलं आणि डोळे पुसले. "अहो, आर्ची हॉस्पिटलमध्ये आहेत, फार दिवस नाहीत म्हणे. तुमचं ऑपरेशन वाया घालवलं म्हणून तुम्ही रागावलात का, असं रोज विचारतात. फोन करा ना!"

"वीकेंडला करतो," डॉक्टर म्हणाले.

दोन वीकेंड गेले. मी वेडा व्हायची वेळ आली आहे. ज्याच्या पोटात आहे त्यालाच ते ओतता येत नाही, यासारखी शिक्षा नाही.

आज वीणाताई लिंबू-मीठ घेऊन पितळ घासायला बसल्यात. एरवी मला वरवर पुसतात, आज उचलून उलटं केलं. गोळी खडखडली.

"अहो, यात काहीतरी वाजतंय."

"राहू दे ते. ठेव खाली," डॉक्टर दारातून म्हणाले.

वीणाताईंनी वर पाहिलं. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतच राहिल्या. मला अजून खाली ठेवलेलं नाही. त्यांचा अंगठा बुचावर आहे.

काढा, वीणाताई. तुमच्या पाया पडतो, बूच काढा.